मुरगावच्या बंदरावर आईचं माहेर

आईचा जन्म गोव्यातला, मुरगावचा. तिचे वडील बंदरातल्या गुदामात कारकून होते. लग्न होऊन ती कोल्हापुरात शिवाजी पेठेत आली, तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. पुढं भारत सरकारनं गोव्याची नाकाबंदी केली आणि परवान्याशिवाय सरहद्द ओलांडणं बंद झालं. त्याच काळात तिचे वडील वारले. निरोप दीड महिन्यानं पोचला. गोवा मुक्त होईपर्यंत तिची आईही वारली होती आणि एकुलता भाऊ आफ्रिकेला निघून गेला होता. मग जायचं तरी कुणाकडं?

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. नाकाबंदी शिकवताना आईची ही गोष्ट सांगायचे. मुलं कान देऊन ऐकायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी तिला मुरगावला नेलं. झुआरी नदी समुद्राला मिळते तिथं ते बंदर आहे. लोखंडाच्या खनिजाच्या लाल धुळीनं रस्ते, झाडं, भिंती सगळं माखलेलं. आईचं माहेरचं घर बंदराच्या आवारातच कुठंतरी होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हिंदीत पास मागितला.

"म्हजो बापूय हांगा काम करतालो," आई त्याला म्हणाली. माझे वडील इथं कामाला होते, असं ती सांगत होती. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कोकणी मी पहिल्यांदाच ऐकली. तो बिहारकडचा होता. त्याला काही कळलं नाही.

आम्ही वर टेकडीच्या कठड्याशी गेलो. खाली क्रेन, मालवाहू बार्जेस, खनिजाचे ढीग. आई खूप वेळ घर शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "न्हाय सापडत. चल."

परतताना आंबोली घाटात एसटी थांबली होती. खिडकीबाहेर धुकं होतं. मी म्हणाले, "नाकाबंदी नसती तर वडलांची भेट झाली असती गं तुझी."

"नाकाबंदी मागनं झाली," ती म्हणाली. "त्याच्या आदी दोन म्हैनं त्यांचं पत्र आलतं. 'तब्येत बरी न्हाय, येऊन जा' म्हणून. तुझ्या आजीनं पाठवलं न्हाय. घरात कामाला कोण हाय, म्हणाली."

"आणि बाबा?"

"बसलं हुतं की तिथंच. पेपर वाचत."

बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं तो पदराखाली घेतला.

दोन वर्षांनी आई गेली. नाकाबंदीचा धडा मी त्यानंतरही शिकवला, पुस्तकात आहे तेवढाच.