नौबजियाची हजेरी

आमच्या आतोबांनी आयुष्यात जेवढी फुलं कापली, तेवढी ग्वाल्हेर संस्थानातल्या सगळ्या देवांना मिळूनही कोणी वाहिली नसतील. आणि हे गृहस्थ स्वतःला बागेचे शौकीन म्हणवून घेत!

नोकरी त्यांनी दरबारच्या पागेत केली. घोड्यांची आयाळ नियमाप्रमाणे कापली आहे की नाही हे पाहणं, एवढंच तीस वर्षं त्यांचं काम. लढाई त्यांनी कधी पाहिली नाही. पण मिशा अशा राखल्या होत्या की निम्मी वस्ती त्यांना रिसालदार समजे, आणि तो गैरसमज दूर करायला त्यांना कधी सवड झाली नाही. पेन्शन झाली, कापायला घोडे उरले नाहीत, तेव्हा त्यांची नजर घरापुढच्या वाफ्याकडे वळली. तिथे आत्यानं हौसेनं नौबजिया लावली होती. जमिनीवर चटईसारखं पसरणारं, मांसल बारीक पानांचं हे रोप. सकाळी नऊच्या सुमारास त्याची गुलाबी-पिवळी फुलं उघडतात, म्हणून आमच्याकडे त्याला हे नाव. आतोबांनी ते नाव म्हणजे सरकारी हुकूमच मानला.

नऊच्या ठोक्याला ते वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसत. मांडीवर घड्याळ, हातात कात्री. सव्वानऊपर्यंत जे फूल उघडलं नाही ते गैरहजर, कापलं. विटांच्या कडेबाहेर बोटभर सरकलेली फांदी फरार, कापली. एकाच रंगाची दोन फुलं शेजारीशेजारी उमलली तर त्यांतलं एक जायचंच, कारण त्यात त्यांना कट दिसे. एका पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडलं नाही आणि अख्खा वाफाच गैरहजर ठरला. म्हातारा माळी हात जोडून म्हणाला, "हुजूर, फूल हैं, सिपाही नहीं." आतोबा म्हणाले, "म्हणून तर बिघडलेत!" आणि त्यांनी वाफा बोडका करून टाकला. आत्या दारात उभी राहून पाहत होती. "अहो, पूजेपुरती चार तरी ठेवा," एवढंच ती म्हणाली. "देवांना तुळस चालते," असं उत्तर आलं. देवांचंही मत विचारावं, असं त्यांना वाटलं नाही.

कापलेल्या फांद्या ते भिंतीपलीकडे भिरकावत. पलीकडे एक पेन्शनर जज्जसाहेब राहत. आता नौबजियाची जातच अशी निर्लज्ज, की तुकडा मातीवर पडला की मूळ धरतो. दोन पावसाळ्यांत जज्जसाहेबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही, इतकी फुलं. येणारेजाणारे विचारू लागले, "साहेब, इतकी सुंदर बाग! करता तरी काय?" जज्जसाहेब खरं तेच सांगत, "दुपारी झोपतो."

हे आतोबांच्या कानावर गेलं. त्या रविवारी मी दाना ओली मोहल्ल्यातल्या आमच्या घरून नेहमीप्रमाणे आत्याला भेटायला आलो होतो. मला चहाही घेऊ न देता त्यांनी साक्षीदार म्हणून ओढत नेलं. जज्जसाहेबांच्या अंगणात उभं राहून त्यांनी कात्री उगारली. "जज्जसाहेब, ही झाडं माझी आहेत. पळून आलेली आहेत. मुकाट्यानं ताब्यात द्या."

जज्जसाहेबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. "पळून कुठली? तुम्हीच हद्दपार केलीत. आता ती माझ्या आश्रयाला आहेत."

"अहो, पण काय ही बेशिस्त वाढ!"

"हो. सुखात आहेत."

आतोबा कात्री मिटून तरातरा परतले. घरी येऊन त्यांनी आपल्या वाफ्यावर जो राग काढला, तो पाहून मला आत्याच्या तीस वर्षांच्या संसाराची पहिल्यांदाच नीट कल्पना आली.

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. डॉक्टर शस्त्रक्रिया करू म्हणाले, तर आतोबा म्हणाले, "माझ्या अंगाला मी कुणाला कात्री लावू देणार नाही!" खरं म्हणजे घाबरले होते. हळूहळू दिसेनासं झालं. एका सकाळी त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. "तू काप. मी ऐकतो."

मी वाफ्यापाशी बसलो. समोर नुकती उमललेली फुलं होती. का कोण जाणे, माझा हात पुढे होईना. मी हवेतच कात्री चालवली. कच, कच, कच. आतोबा मान डोलवत होते. "डावीकडे घे. तिकडचे फार माजलेत." मी डावीकडची हवा कापली. आत्या दारातून पाहत होती. तिनं पदर तोंडाशी नेला. मग प्रत्येक रविवारी हेच. महिन्याभरात वाफा विटा ओलांडून वाटेवर आला आणि आत्याचं फुलांचं तबक रोज भरू लागलं.

एकदा माझी कात्री चालू असताना आतोबा काठी टेकत उठले, वाफ्यापाशी आले, वाकले आणि त्यांनी तळहात जमिनीलगत फिरवला. मी कात्री थांबवली. हात एका फुलावरून दुसऱ्यावर, मग वाटेवर आलेल्या फांद्यांवरून सावकाश फिरत राहिला.

"कात्री बोथट झालेली दिसते," ते शेवटी म्हणाले.

"धार लावून आणू?"

"नको," आतोबा म्हणाले. हात त्यांनी तिथेच राहू दिला होता. "असू दे अशीच."