कडेचा पहिला टाका

सुमनवहिनी गेल्याचा फोन हिंगोलीहून आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. वय नव्वदीच्या पुढचं, त्यामुळे जो तो "सुटली बिचारी" म्हणाला. मला ते ऐकून रागच आला. माणूस म्हातारं झालं म्हणून त्याचं जाणं स्वस्त होतं की काय? सव्वा महिना उलटला, तरी दुपारी चारला फोन वाजला की तिचाच वाटतो...

वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. निजामाच्या राजवटीत ती अकोल्याहून आमच्या कुरुंद्याला आली, ती ट्रंकेत लोकरीच्या सुया घेऊनच. गावात विणकाम कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे दोन काड्यांवर कापड कसं निघतं ते बघायला बायका मुद्दाम येत. पहिल्या बाळंतपणाआधी तिनं टोपरं, मोजे, स्वेटर सगळं हौसेनं विणलं. ते मूल आठ दिवस जगलं. दुसऱ्या वेळीही विणलं, आणि दुसरंही गेलं. आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही करून ठेवत नाहीत. माझ्या आईनं तिला उघड दोष दिला नाही, पण तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा एवढंच म्हणाली, "लेकरू हातात आल्याबिगर त्याच्या नावाचा धागाबी घरात नको." सुया ट्रंकेत गेल्या. वहिनी रिकाम्या हातांनी भिंतीकडे बघत बसू लागली. मी नऊ-दहा वर्षांची होते, पण तिच्या त्या बसण्याची मला भीती वाटायची. आईचा मात्र भयंकर राग यायचा.

निजामाचं राज्य संपायच्या आधीचा तो हिवाळा. एके दिवशी वहिनी म्हणाली, "शकूबाई, या, तुम्हाले विणायले शिकवते." सायकलच्या तारा घासून माझ्यासाठी सुया केल्या. चोवीस टाक्यांची पट्टी, बस्स. ओळीचा पहिला टाका विणायचा नाही, नुसता उचलून पलीकडच्या सुईवर घ्यायचा आणि दुसरा विणताना धागा जरा ओढायचा. असं केलं की कडेला वेणीसारखी सरळ साखळी पडते. मी घाईत पहिलाच टाका विणून टाकायचे, मग कड सैल व्हायची, तिथं गाठीगाठी दिसायच्या. वहिनी सगळं उसवायची. मधल्या चुका ती चालवून घेई, कडेची एकही नाही. माझं रडून, सुया फेकून झालं. कड कोण बघतं, असंही विचारून पाहिलं. ती पुन्हा टाके घालून सुया माझ्या हातात देई. असं करता करता माझ्या अकरा पट्ट्या झाल्या, सगळ्यांच्या कडेला साखळीच्या कड्या अगदी सारख्या.

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत मुलगी झाली. मुठीएवढी. जुन्या धोतरात गुंडाळली तरी तिचे ओठ निळे पडत. दुसऱ्याच दिवशी वहिनीनं माझ्या पट्ट्या मागितल्या आणि बाजेवर बसून कडीला कडी गाठत एका दुपारात त्या जोडल्या. कडा अशा जुळल्या की शिवण शोधावी लागली. आई दारात उभी राहून बघत होती. आता ती ओरडणार, असं मला वाटलं. ती आत आली, पोर उचलून त्या पांघरुणात गुंडाळली आणि शेकासाठी शेगडी पेटवायला निघून गेली. पोर जगली. आज ती स्वतः आजी आहे.

आम्ही दोघींनी आईला कसं बनवलं, ही गोष्ट मी जन्मभर मिरवली. मागच्या दिवाळीत वहिनीला भेटले तेव्हाही तेच सांगून हसत होते. ती हसली नाही.

"तुम्हाले वाटते आत्याबाई फसल्या?" ती म्हणाली. माझ्या आईला ती आत्याबाई म्हणे. "त्यांनीच तर मले सांगितलं व्हतं. शकूला शिकव म्हणे, नुसत्या पट्ट्या विणू दे, त्या कोनाच्या नावाच्या नसतात. अन् म्हणे, पोरीला सांगू नको, तिच्या तोंडात काही टिकत न्हाई."

आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि लहानपणापासून मी तिला कठोरच समजत आले होते. "मग मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "शब्द दिला व्हता," वहिनी म्हणाली, आणि माझा हात हातात घेऊन बसली.

ती गेल्यापासून मी रोज दुपारी एक पट्टी विणते. कुणासाठी, ते ठरवलेलं नाही. कड सैल आली की माझी मीच उसवते.