बर्फात गाडलेली नळी

शंभू पुन्हा ‘आई’ म्हणेल का, हा प्रश्न बारा दिवस माधवीच्या मनातून हलत नव्हता. रडूही येत नव्हतं. ट्रॅक्टरवरून डोक्यावर पडलेला तिचा मुलगा बारामतीच्या दवाखान्यात निपचित होता. मेंदूच्या पेशी फुटल्या की एक द्रव्य रक्तात उतरतं. ते मोजायची नवी तपासणी पुण्याचे एक डॉक्टर करत होते. आकडा फार मोठा आला. “आशा ठेवू नका,” ते म्हणाले.

शंभूच्या रक्ताची नळी पुण्याला नेली होती तिच्या भावाने, भिगवणच्या मासळीवाल्या तात्याबाने.

“एवढा आकडा आला कसा, माधे?” बाकावर बसत तो म्हणाला. “मी तर नळी बर्फात गाडली, वर मीठ बी मारलं. आपला मासा पुण्यापतूर ताठ जातो, मग भाच्याचं रगात नासंल व्हय?”

मीठ ऐकताच माधवीला आठवलं. नळी गार ठेवा, पण रक्ताचा बर्फ होऊ देऊ नका, त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतलंही तेच द्रव्य मिसळतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने भावाला फक्त ‘गार ठेव’ एवढंच सांगितलं होतं. मीठ मारलेला बर्फ अजून थंड होतो; त्यात रक्ताचाही बर्फच झाला असणार.

आकडा खोटा असला तरी शंभू उठेलच असं नव्हतं; तिला आनंद झाला नाही. ती उठली.

“दादा, शंभूजवळ बस. पुण्याला फोन करते. रक्त पुन्हा घ्यायला सांगते.”