मऊ नाकाची गोळी देणारे वसंतकाका

माझी आई आज जिवंत आहे, कारण एका माणसाने मला मी मागितलेली गोळी विकली नाही.

ते वसंतकाका आज सकाळी गेले.

आधी फौजेत, मग उरलेलं सगळं आयुष्य अमरावतीच्या एका बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि नजर अशी की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं.

बाबा गेल्यावर मोर्शीजवळची संत्र्याची बाग माझ्याकडे आली. बाबांची रायफलही. लायसन्स नावावर झालं, पण ती कपाटातच राहिली असती.

त्या हिवाळ्यात रानडुकरांनी नवी कलमं उपटली. ते एक वेळ सहन केलं असतं. पण एकाने बागेत काम करणाऱ्या सुमनबाईच्या मांडीत सुळा घातला. तिला टाके घालताना मी शेजारी उभी होते.

वनखात्याची परवानगी निघाली आणि मी दुकानात गेले. चुलतभावाने फोनवर पढवून पाठवलं होतं.

"काका, कडक गोळी द्या. आरपार जाणारी."

त्यांनी डबा काढला, माझ्याकडे पाहिलं, डबा परत आत ठेवला.

"आरपार जाईन. अन् मंग?"

"मग म्हणजे?"

"डुकराच्या मांगं काय हाये तुह्या वावरात?"

त्यांनी कागद पुढे केला. "मांड."

मी काढलं. विहीर, तुरीचा पट्टा, पाऊलवाट, मजुरांची घरं.

"मानसं राह्यतात तिथं, अन् तुले आरपार पाहिजे?"

मग दोन काडतुसं काउंटरवर उभी केली. एकाच्या गोळीला टोकापर्यंत तांब्याचं कवच. दुसरीचं टोक उघडं, शिशाचं.

"हे कवचवाली सरळ निघून जाते. हे मऊ नाकाची. लागली का फुलते, सारा जोर आतच टाकते. पन हलकी नको घेऊ. डुकराचा खांदा म्हणजे दगड. हलकी गोळी वरच फुटते अन् जनावर जखमी होऊन पयते. मऊ अन् वजनदार, असं दोन्ही पाहिजे."

शेजारी एक गृहस्थ मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी गोळ्या घ्यायला आले होते. घरात ठेवायला, सर्वात जोरदार पाहिजे म्हणे.

"तुमच्या भिंतीपल्याड कोन झोपते?" काकांनी विचारलं.

"मुली."

"मंग ह्याच रिव्हॉल्व्हरमध्ये कमी जोराची हलकी गोळी बी चालते, 'स्पेशल' म्हंतात तिले, ते न्या. मॅग्नमची गोळी भिंतीले मोजत नाही."

गृहस्थ चिडून निघून गेले. मालक बघत राहिले. काकांना काही फरक पडला नाही.

मला म्हणाले, "आतच थांबीन याची ग्यारंटी मी देत नाही बरं. मचानावर बस. वरून खाली मार, म्हंजे चुकली तर मातीत जाईन. अन् मांगचं दिसत नसलं तर मारूच नको."

मी मान डोलावली. सगळं समजल्यासारखी, आणि त्यांनी दिलेली मऊ, वजनदार काडतुसं घेऊन निघाले.

जानेवारीतली सकाळ. चांगलं उजाडलं होतं. मी मचाणावरून उतरून घरी निघाले होते, तेवढ्यात तुरीतून मोठा नर बाहेर आला. वीस पावलांवर.

मी मागचं पाहिलं नाही. मी फक्त डुक्कर पाहिलं.

एकच गोळी. तो जागेवर बसला.

आणि त्याच्या मागे, तुरीतून, आईची किंकाळी.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. आई वाटेवर बसली होती. हातात चहाची किटली. तिला उठायला उशीर झाला आणि मी चहा न घेताच गेले, म्हणून माझ्यासाठी चहा घेऊन ती त्या वाटेने येत होती. नेमकी त्याच रेषेत.

"काई नाही झालं मले," ती म्हणत होती. "आवाजानं भेली मी. रडू नको व."

मी तिचे हात, पोट, पाठ चाचपत होते. दोनदा. तीनदा.

वनरक्षक आले, पंचनामा झाला. गोळी डुकराच्या पलीकडच्या कातड्याच्या आत सापडली. फुललेली. बाहेर पडायला एक बोट बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी दुकानात गेले. काकांना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील.

त्यांनी पेढ्याला हात लावला नाही.

"तू मचानावरून उतरली. मांगं न पाह्यता मारलं. गोळी थांबली हे तुहं नशीब, तुही अक्कल नाही."

भर दुकानात मी रडले. ते मात्र थांबले नाहीत, एकेक चूक पुन्हा सांगितली. सगळं झाल्यावर पाणी दिलं आणि हळूच विचारलं,

"आई कशी हाये?"

पुढच्या रविवारी एसटीने मोर्शीला आले. आईला भेटले. दुपारभर माझ्याबरोबर बाग फिरले, कुठून मारायचं आणि कुठून मुळीच नाही ते दाखवलं. आईने जेवायला वाढलं. तिच्याकडे बघून म्हणाले, "वयनी, सकाळचा चहा घरीच पाजत जा इले."

मागच्या हिवाळ्यात पुन्हा एक नर आला. मचाणासमोर, अगदी नेमावर. पण मागे धुकं होतं.

मी ट्रिगरवरचं बोट काढून घेतलं. त्याने माझ्यासमोर तीन कलमं उपटली आणि निघून गेला.

काकांना फोन केला. "काका, मारलं नाही मी. मागचं दिसत नव्हतं."

मग म्हणाले, "आता शिकली तू."

एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं हे एकच कौतुक.

आज बातमी कळली तेव्हा आई देवपूजा करत होती. तशीच उठली. "थांब, मी बी येतो. त्या मानसाले नमस्कार करू दे मले."

आम्ही दोघी अमरावतीला निघालोय.

वसंतकाका, तुम्ही ती गोळी दिली नाहीत, वर रागावलात, म्हणून आम्ही दोघी आहोत. तुम्हाला आम्हा मायलेकींचा शेवटचा नमस्कार.