पलंगावरून खाली

माझ्या लाहोरच्या बाळांनो,

वर्गातला शीख मुलगा "आम्ही हिंदू नाही" म्हणाला म्हणून तुम्ही त्याच्याशी भांडलात, आणि बरोबर कोण ते मला विचारता. निवाडा करण्याऐवजी माझ्यावर गुदरले तेच लिहिते. तुमचे आजोबा होते तोवर त्यांच्या संकोचापायी हे मी बोलले नाही.

तरुणपणी आजोबा गायकवाड महाराजांच्या पुस्तकखात्यात होते. गायकवाडी रिसाल्यातून निवृत्त झालेल्या एका सरदारजींनी आपल्या वडिलांच्या हातची गुरुवाणीची पोथी त्यांना विश्वासाने दिली होती. आपल्याकडच्या एका संताची पदे तीत आहेत. ती आजोबा गुरुमुखी लिपीतून आपल्या बाळबोधीत उतरवून घेत. पितृपक्षात त्यांना विषमज्वर झाला. दसरा आला तरी ताप हटेना. अजिबात हलवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते.

दसऱ्याला मी घरातल्या साऱ्या पोथ्यांबरोबर तीही देवांपुढे जमिनीवर मांडली आणि तिच्या रुमालाला हळदकुंकू वाहिले. माझ्या मते तो मानच होता. त्याच सकाळी सरदारजी समाचाराला आले. पोथीकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी घाबरून म्हटले, पूजाच केली आहे. ते हळू म्हणाले, "बेटी, आम्ही हिला पुजत नाही. हिचं ऐकतो. ही आमचा गुरू आहे."

ते पोथी घेऊन जाणार असे मला वाटले. पण त्यांनी हातपाय धुतले, ती डोक्यावर घेतली आणि बसायला जागा मागितली. आजाऱ्याला ऐकवतो म्हणाले. गुरूपेक्षा उंच कोणी बसत नाही, आणि आजोबा तर उंच पलंगावर. "आजारी माणसाला सूट आहे, मी ओसरीवर वाचतो," असे तेच म्हणाले. तेवढ्यात दोन दिवस न बोललेल्या आजोबांनी माझा पदर धरला. "मला खाली घे."

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "अगं, खाली कधी घेतात माणसाला, ठाऊक नाही तुला? इंग्रजी शिकलीस ती हे करायला?" ठाऊक होते. आपल्याकडे जीव जाताना घेतात. डॉक्टरांचे बजावणेही कानात होते. शिकलेल्या बुद्धीने मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि एकही उचलता येईना. मग तोलणेच सोडले. तुझे तू बघ, असे मनात म्हटले. कोणाला म्हटले ते आजही सांगता येत नाही. सरदारजींनी खांद्यांना धरले, मी पायांना. आजोबांचे अंग विस्तवासारखे होते.

सरदारजी चौरंगावरच्या पोथीतून वाचत होते. मी डोक्यावर पदर घेऊन आजोबांची नाडी धरून बसले. मधेच ती सापडेना. मी हाक मारली नाही, नुसती धरून राहिले. दुपार कलता त्यांच्या कपाळावर घाम आला. भिंतीशी बसलेल्या सासूबाईंनीच तो पुसला.

डॉक्टर म्हणाले, एकविसाव्या दिवशी ताप असा उतरतोही. असेल. मी वाद घातला नाही. मी दिलेल्या मानाने जे घडले नसते, ते ऐकल्याने घडले, एवढेच मला कळते. म्हणून त्या मुलाला, तू कोण आहेस ते सांग, असे म्हणा आणि ऐका.

सरदारजी आता नाहीत, आजोबाही नाहीत. सरदारजींच्या नातीकडून गुरुपर्वाला कडाप्रसादाचा शिरा मात्र अजून येतो.