चवीचा रकाना

मामांच्या खाण्याच्या वहीचे रकाने मी आखले आणि ते चुकीचे आखले. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, नाहीतर मामी कुणाच्या तरी तोंडून ते तुमच्यापर्यंत पोचवेलच.

मामा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी आहेत. सव्वीस वर्षं झाली. दोन पाळ्या, साडेचारशे ताटं. मी त्याच कारखान्यात हजेरीच्या टेबलावर बसतो आणि मामांच्या घरी राहतो, जेवतो. त्यामुळे त्यांच्याबद्दल फार वाईट लिहिता येत नाही.

मोठ्या शेगडीसमोर त्यांना दोनदा चक्कर आली, तेव्हा तपासणी झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा साडेनऊ. कारखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : तीन महिन्यांत साडेसातच्या खाली आणा, नाहीतर शेगडी बंद. कोठीत बसायचं आणि पोती मोजायची.

"कोठीत?" मामा म्हणाले. "तिथले उंदीरसुद्धा कंटाळून बदली मागतात."

हे बोलून ते हसले, पण त्या दिवशी ताट अर्धं टाकून उठले. मामीने मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

डॉक्टरांनीच त्यांना आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडम वयाने मामांच्या मुलीसारख्या, पण नजर शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखी.

"काय काय खाता?"

"साडेचारशे माणसांना खायला घालतो."

"तुम्ही काय खाता ते विचारलं."

"उरेल ते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. गोळ्या चालू ठेवा, म्हणाल्या, आणि पंधरा दिवस पोटात जाईल ते सगळं वहीत लिहा. शाळेत असताना सुंदर अक्षराचं बक्षीस मला मिळालं होतं, त्यामुळे वही माझ्याकडे आली. सकाळ, दुपार, चार वाजता, रात्र. चार रकाने, लाल रेघा, वर मामांचं वजन. मामांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "चव बघतो ते कुठे लिहायचं?"

"ते काय खाणं झालं का, मामा? ते काम."

हीच ती चूक. मामांना माझं म्हणणं फारच पटलं.

पंधरा दिवसांनी मॅडमनी वही वाचली. सकाळी एक अंडं, दुपारी वाटीभर भात आणि भाजी, चार वाजता बिनसाखरेचा चहा, रात्री सूप. मग त्यांनी बोटाला सुई टोचून साखर बघितली. ती जिथल्या तिथे.

"या वहीतला माणूस आतापर्यंत वाळायला हवा होता," मॅडम म्हणाल्या. "घरी तेल किती वापरता?"

सोबत आलेली मामी उसळली. "म्हणजे मीच यांना मारायला टपलेय म्हणा की!"

"तसं नाही हो, मामी."

"मला मामी म्हणू नका. मी बाटलीवर रेघ मारून तेल वापरते. हवं तर याला विचारा."

'याला' म्हणजे मला. मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते दोघींनाही कळू दिलं नाही.

शेवटी मॅडमनी मला कामाला लावलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी कँटीनमध्ये बसायचं आणि मामांच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहायची. "प्रत्येक," असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी ओट्याच्या कडेला स्टूल टाकून बसलो. मामा चमच्याने चव बघत नाहीत. पळीतलं थोडं डाव्या तळहातावर ओततात, फुंकर घालतात, चाटतात, तळहात फडक्याला पुसतात. एका पातेल्याची चव तीनदा : मीठ घालायच्या आधी, मीठ घातल्यावर आणि उतरवताना. बटाटा शिजला का, तर एक फोड. पाव ताजा आहे का, तर एक कोपरा. दुपारच्या गोडाची चव मात्र पाचदा, कारण, त्यांच्या मते, "गोडाचा भरवसा नसतो." जेवणाची सुट्टी होईपर्यंत माझ्या कागदावर एकेचाळीस रेघा झाल्या होत्या. मग मामांनी हात धुतले, वाटीभर भात घेतला आणि मला म्हणाले, "हे लिही. सकाळपासून आत्ता कुठे खातोय."

मॅडमनी त्यांना आपल्या टेबलावर तळहात पुढे करायला लावला, त्यावर पाणी ओतलं आणि मोजलं. मामांचा तळहात मोठा आहे. हिशेब झाला : दिवसाला तीन वाट्या, त्यातली एक गोडाची.

"पण ती भूक म्हणून नाही हो," मामा म्हणाले. "ड्यूटी म्हणून."

"साखरेला ते कळत नाही, काका."

मॅडमनी पाचवा रकाना स्वतः आखला. एका पातेल्याला एकदाच चव, तीही चहाच्या चमच्याने. गोडाची अजिबात नाही. बाकीच्या चवी दुसऱ्याच्या जिभेवर.

दुसरी जीभ म्हणजे भाजी चिरणाऱ्या ताई. बारा वर्षं मामांच्या पाठीमागे उभ्या राहून चिरतात. एवढ्या वर्षांत मामांनी त्यांना पळी कधी दिली नव्हती. पहिल्या दिवशी मामांनी मुलगी सासरी पाठवल्यासारखी पळी त्यांच्या हातात दिली.

"मीठ?"

"थोडं कमी आहे."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं! सोनं तोलतेय का मी?"

मामांचा त्या 'थोडं'वर विश्वास बसला नाही, त्यांनी मिठाची मोठी मूठ टाकली. त्या दिवशी अख्ख्या कारखान्याने पाणी पिऊन पाळी काढली. ताई दिवसभर जोरात चिरत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मामांनी ताईंच्या शब्दांचा नाद सोडला आणि भुवईकडे लक्ष ठेवलं. डावी वर गेली तर मीठ कमी, दोन्ही आकसल्या तर जास्त, काहीच हललं नाही तर उतरवा. महिन्याभरात हे इतकं बसलं, की बोलण्याची गरजच उरली नाही. वहीतला पाचवा रकाना रिकामा होत गेला. मामांचा पट्टा दोन भोकं आत आला.

तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट घ्यायला मामा स्वतः गेले नाहीत. मला पाठवलं आणि दाराकडे पाठ करून शेगडीपाशी उभे राहिले. मी आकडा वाचला : सात पूर्णांक दोन. मामांनी शेगडी बारीक केली, परत मोठी केली, आणि म्हणाले, "भात लागेल. सरक." डॉक्टरांनी कागदावर सही केली. शेगडी राहिली.

त्याच आठवड्यात पाहणीला साहेब आले. ताट संपवलं, बोटं पुसली. "मामा, सव्वीस वर्षं झाली, पण चव तसूभर हलली नाही हं तुमची!"

"हाताला सवय झालीय, साहेब," मामा म्हणाले.

मागे सुरीचा आवाज थांबला. साहेब गेल्यावर ताई म्हणाल्या, "हाताला?"

"अहो, साहेब घाईत होते."

"एवढंच सांगायचं होतं, की अडीच महिने ताईंनी चव बघितली. किती वेळ लागतो?"

"पुढच्या वेळी सांगतो. शब्द दिला."

ताईंनी पुन्हा चिरायला घेतलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीचा कागद काढून उगाच वाचू लागलो.

साहेब त्यानंतर तीनदा येऊन पोटभर जेवून गेले आहेत. तिन्ही वेळा ते घाईतच होते, असं मामा म्हणतात.