मोटर मागायला गेले, दोरी घेऊन आले

अगं, अशी जवळ ये. आणि समोरचं माणूस बोलत असताना मधेच ‘हो, कळलं’ म्हणायची खोड सोड बघू. कळलेलं काही नसतं, घाई असते नुसती.

नव्वदच्या दशकात आम्ही खाडीकाठच्या उमेळे गावातल्या नव्या बिल्डिंगमध्ये आलो, तेव्हा नळ होते, पाणी नव्हतं. शेजारी केळीची वाडी, वाडीत विहीर, आणि विहिरीची मालकीण एक ख्रिस्ती मावशी. कळशीने हवं तेवढं पाणी नेऊ द्यायची. मोटर मात्र लावू देईना. जिने चढून बायका कावल्या. ‘नागोबासारखी बसलीय पाण्यावर,’ म्हणायच्या. शेवटी मला पुढे केलं. माझं तोंड चालतं ना!

मी भाषण तयार करूनच गेले. मावशी अंगणात सुकेळी करत होती, म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घालत होती. माझ्यापुढे घड सरकवून म्हणाली, “बोल, पन हात चालव.” बोटं इतकी चिकट झाली, की उठायची सोयच राहिली नाही. मग तीच बोलू लागली.

त्यांच्यात लग्नाआधी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणून नवरीला न्हाऊ घालतात. थोरल्या लेकीच्या वेळी मावशीच्या नवऱ्याने टँकरवाल्याला मोटर लावू दिली होती. गोडं पाणी उपसलं, मागून खाडीचं खारं शिरलं.

“पोर खाऱ्या पान्यानं न्हाली,” मावशी म्हणाली. “नुसती माझ्याकडं बघत होती.”

बरेच पावसाळे गेले तेव्हा कुठे विहीर पुन्हा गोड झाली. आता धाकटीचं लग्न मे महिन्यात होतं.

माझं भाषण पोटातच राहिलं. निघताना तिने एक धड दोरी हातात दिली. “तुमची कुजलीय. कळशी बुडवाल.”

बायकांनी जिन्यातच गाठलं. “मोटर मागायला गेली होतीस ना? दोरी घेऊन आलीस!”

मी आपलं मावशीने सांगितलं तसंच सांगितलं. सगळ्यांत जास्त कुरकुरणारी तिसऱ्या मजल्यावरची, तीच दोरी हातात घेत म्हणाली, “लग्न होईपर्यंत प्यायपुरतंच आणू गं.”

मेमध्ये बँड वाजला, तेव्हा मिरवणुकीत आमच्या बायकाही होत्या. मावशीने पहिली कळशी ओढली, ओंजळ चाखली आणि दुसरी ओंजळ माझ्या तोंडाशी धरली. गोड!

मावशी आता थकलीय, पण सांगायला बसली की अजून तशीच रंगते. लवकर ये पुन्हा, तिच्याकडे जाऊ. केळी सोलायला बसवील हो, सवडीनं ये.